किलोवर मोटर घेऊ नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्टेपर मोटर मागायला गेलात तर काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती किलोची?" दहा किलो, अठरा किलो, तीस किलो. घेणाराही तेवढाच आकडा सांगतो, पैसे देतो आणि मोटर पिशवीत घालून निघतो. तिच्यातून तारा चार आल्यात की सहा की आठ, त्या कशा जोडायच्या, कुठल्या जोडणीला किती करंट सोडायचा, यावर दोघेही चकार शब्द काढत नाहीत. माझे म्हणणे असे की या खरेदीत किलोपेक्षा ताराच महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांची माहिती कागदावर लिहून मिळत नसेल तर मोटर घेऊच नये.

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करून मी या धंद्यात आले. लहान सीएनसी मशिनांचे ड्रायव्हर, मोटरी आणि वायरिंग दुरुस्त करते. लाकडावर नक्षी कोरणारे राउटर, पत्रा कापणारे प्लाझ्मा, बाटल्यांना लेबल लावणारी मशिने, हे माझे गिऱ्हाईक. "मोटर गेली" म्हणून टेबलावर येणाऱ्या मोटरींत खरोखर गेलेल्या थोड्याच असतात. बाकीच्यांची कॉइल शाबूत, बेअरिंग ठणठणीत. बिघाड असतो तो जोडणीत, नाहीतर जोडणी एक आणि ड्रायव्हरची सेटिंग दुसरी, अशा विजोडात.

आधी हे किलो म्हणजे काय ते बघू. बाजारात ज्याला किलो म्हणतात ते असते किलो-सेंटिमीटर. शाफ्टच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर टांगलेले किती वजन मोटर तोलून धरेल, त्याचे हे माप. दहा किलो-सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक न्यूटन-मीटर. पण हा होल्डिंग टॉर्क, म्हणजे दोन्ही फेजमध्ये पूर्ण करंट आहे आणि मोटर जागेवर उभी आहे, तेव्हाचा जोर. मशीन पैसे मिळवून देते ते मोटर फिरताना, आणि वेग वाढेल तसा स्टेपर मोटरचा जोर उतरत जातो. किती झपाट्याने उतरतो, हे बरेचसे तारांच्या जोडणीवर ठरते. शर्यतीचा बैल दावणीला उभा राहून कासरा किती ताणतो, यावर त्याची किंमत कोणी करत नाही. मोटरीची मात्र आपण तशीच करतो.

दुसरा घोळ 'नेमा'चा. नेमा 17, नेमा 23, नेमा 34 असे आकडे ऐकले की लोकांना वाटते सगळे प्रमाणित आहे. हे आकडे मोटरीच्या तोंडाच्या मापाचे आहेत. नेमा 23 म्हणजे 2.3 इंची चौरस तोंड, सुमारे 57 मिलिमीटर, आणि त्याला जुळणारी बोल्टची भोके. मोटर लांब किती, करंट किती, तारा किती आणि कुठल्या रंगाच्या, यातले काहीही तो आकडा सांगत नाही. दोन नेमा 23 मोटरी शेजारी ठेवल्या तर ब्रॅकेटवर दोन्ही बसतील, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही.

आता तारांकडे येऊ. बाजारात सर्रास मिळते ती दोन फेजची हायब्रिड मोटर. रोटरवर 50 दाते, एका फेऱ्याला 200 स्टेप, प्रत्येक स्टेप 1.8 अंशांची. दोन फेज म्हणजे कॉइलचे दोन स्वतंत्र संच, आणि एकेका फेजचे वाइंडिंग दोन अर्ध्या भागांत विभागता येते. चारही अर्ध्या कॉइलची दोन्ही टोके बाहेर काढली की आठ तारा. प्रत्येक फेजचे दोन अर्धे आतच एकापुढे एक जोडून मधल्या सांध्याची तार बाहेर आणली की सहा. दोन्ही फेजचे ते सांधे आत एकत्र बांधले की पाच. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये दिसणारी 28 बीवायजे-48 नावाची छोटी पाच व्होल्टची मोटर या जातीची. आणि मधला सांधा बाहेर काढलाच नाही, तर चार.

सहा तारांची पद्धत आली ती ट्रान्झिस्टर महाग होते म्हणून. मधल्या तारेला सप्लाय द्यायचा आणि टोके आळीपाळीने जमिनीला टेकवायची, की चार ट्रान्झिस्टरमध्ये काम भागते. याला युनिपोलर म्हणतात. यात एका वेळी अर्धीच कॉइल राबते, उरलेले तांबे बसून असते. पूर्ण कॉइलमध्ये करंट उलटसुलट फिरवायचा, म्हणजे बायपोलर करायचे, तर एच-ब्रिज लागतो आणि ट्रान्झिस्टर आठ होतात. आज ते आठही एका लहानशा चिपमध्ये बसतात, त्यामुळे युनिपोलर मागे पडले. पण सहा आणि आठ तारांच्या मोटरी अजून मशिनांत आहेत, भंगारबाजारात आहेत आणि नव्याही येतात.

जयसिंगपूरकडचे एक मिस्त्री सागवानी दरवाजे आणि देव्हाऱ्यांच्या महिरपी कोरतात. त्यांच्या राउटरची तक्रार अशी, की कोरताना मशीन झकास चालते, पण एक फूल संपवून दुसऱ्याकडे रिकामी धाव घेताना मोटर घुर्र करून अडते आणि पुढचे फूल चार-पाच मिलिमीटर सरकून उमटते. सागाची फळी वाया.

"ताई, मोटर दमतीय बघा. तीस किलोची टाकूया का?"

"दादा, मोटर राहू द्या. आधी कंट्रोल बॉक्स उघडा."

आत आठ तारांची मोटर होती आणि प्रत्येक फेजचे दोन अर्धे एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले. सप्लाय 24 व्होल्ट. मोटरीच्या पाठीवर मॉडेल नंबर शाबूत होता, म्हणून डाटाशीट मिळाली. अर्ध्या कॉइलचे आकडे होते 2 अँपिअर, 1.5 ओहम आणि 2 मिलिहेन्री. हिशेब सोपा आहे, आणि सगळी गोम या हिशेबातच आहे.

सिरीज केली की रेझिस्टन्स दुप्पट होतो, 3 ओहम. इंडक्टन्स मात्र चौपट होतो, 8 मिलिहेन्री, कारण वेढे दुप्पट झाले की इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. मोटर तेवढीच तापावी म्हणून करंट 1.4 अँपिअरवर आणावा लागतो. पॅरलल केली की रेझिस्टन्स निम्मा, 0.75 ओहम. इंडक्टन्स अर्ध्या कॉइलचाच राहतो, 2 मिलिहेन्री. करंट 2.8 अँपिअर देता येतो. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करून पाहा: दोन्हीकडे एका फेजमागे सहा वॅटच्या आसपासच उष्णता येते. उभ्या मोटरीचा जोरही दोन्हींत सारखा, युनिपोलरपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त. म्हणजे किलोच्या भाषेत सिरीज आणि पॅरलल यांत काडीचा फरक नाही.

फरक पडतो वेगात. मिस्त्रींच्या मशीनला 5 मिलिमीटर लीडचा बॉल स्क्रू आहे. मिनिटाला तीन मीटरची धाव हवी तर मोटरीने मिनिटाला 600 फेरे मारायला हवेत. म्हणजे सेकंदाला 10 फेरे, 2000 स्टेप, आणि एका स्टेपला अर्धा मिलिसेकंद. आता 24 व्होल्टवर 8 मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये 1.4 अँपिअर चढायलाच जवळजवळ अर्धा मिलिसेकंद लागतो. करंट वर पोचतो न पोचतो तोच पुढची स्टेप येऊन धडकते. शिवाय फिरती मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते, तो वेगळाच. पॅरललमध्ये करंट दुप्पट असूनही तो निम्म्या वेळात चढतो, कारण इंडक्टन्स चौथाई आहे. आम्ही तारा सोडवून पॅरलल केल्या, ड्रायव्हरचे डिप स्विच 2.8 अँपिअरला आणले (ड्रायव्हर तेवढा झेलणारा होता, ते आधी बघून घेतले), आणि त्याच मोटरीवर मशीन धावले.

इथे एक शंका हमखास येते, की करंट दुप्पट म्हणजे सप्लायही दुप्पट लागणार. तसे नाही. आजचे ड्रायव्हर चॉपर पद्धतीचे आहेत, व्होल्टेज चालू-बंद करत ते कॉइलमधला करंट हवा तेवढाच ठेवतात. कॉइलमधून वाहणारा करंट आणि सप्लायमधून ओढलेला करंट एक नव्हे. सप्लायला वॅट पुरवायचे असतात, आणि उभ्या मोटरीला दोन्ही जोडण्यांत ते सारखेच लागतात. मिस्त्रींनी सिरीज तशीच ठेवून सप्लाय 48 व्होल्टचा केला असता तरी करंट तितक्याच वेळात चढला असता, फक्त ड्रायव्हर तेवढ्या व्होल्टेजचा हवा होता. तीस किलोची मोटर घेतली असती तर रोटर जड आला असता, आणि तिचा इंडक्टन्सही जास्त निघाला असता तर मशीन आधीपेक्षा लवकर अडले असते, तेही जास्त पैसे मोजून.

म्हणून सिरीज वाईट आणि पॅरलल चांगली, असा निकाल मी देत नाही. सावकाश फिरणारे टेबल असेल, ड्रायव्हर कमी करंटचा असेल, तर सिरीजच योग्य. सहा तारांच्या मोटरीत पॅरलल करताच येत नाही, कारण सांधा आत बंद आहे. तिथे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण कॉइल घ्यायची, की मधली तार आणि एक टोक धरून अर्धी कॉइल घ्यायची, एवढेच हातात असते. पूर्ण घेतली तर जोर जास्त आणि वेगाला मार. अर्धी घेतली तर जोर युनिपोलरइतकाच, पण वेगात टिकाव चांगला. उरलेल्या तारा मात्र एकमेकींना न जोडता स्वतंत्र स्लीव्ह घालून बंद करायच्या, त्यांच्यावरही व्होल्टेज येतो. आता या सगळ्यातला कुठला निर्णय "अठरा किलो" या दोन शब्दांवरून घेता येतो, ते मला कोणी सांगावे.

रंगांवरून तर मुळीच घेता येत नाही. "लाल-निळी एक जोडी, हिरवी-काळी दुसरी" हे एका कंपनीच्या मोटरीला लागू पडते, दुसरीला नाही. चार तारांत एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत गेली की मोटर जागच्या जागी थरथरते, आणि "ड्रायव्हर खराब" म्हणून मोकळे होता येते. जोडी शोधायला मीटरही लागत नाही. कुठल्याही दोन तारांची टोके एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. जड लागला तर ती एक कॉइल. जोडी बरोबर असून मोटर उलटी फिरत असेल तर एका फेजच्या दोन तारा आपापसात बदलायच्या, काम झाले.

आठ तारांचे काम थोडे नाजूक आहे. मीटर चार कॉइल दाखवतो, पण कुठल्या दोन एकाच फेजच्या आणि कुणाचे सुरुवातीचे टोक कुठले, हे तो सांगत नाही. त्यासाठी दोन कॉइल सिरीजमध्ये जोडा, उरलेली दोन टोके एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट फिरवा. मग एका कॉइलची टोके उलटवून पुन्हा फिरवा. एकदा जड आणि एकदा मोकळा लागला तर दोन्ही एकाच फेजच्या. जड लागला ती सुलट जोडणी, मोकळा लागला ती उलट. दोन्ही वेळा जडच लागला तर कॉइल वेगवेगळ्या फेजच्या आहेत. माझ्या टेबलावर एलसीआर मीटर आहे, तो हेच आकड्यांत दाखवतो. सुलट जोडली की इंडक्टन्स चौपट, उलट जोडली की शून्याजवळ, फेज वेगळे असतील तर दुप्पट.

हे न बघता पॅरलल करून टाकले आणि एक कॉइल उलटी बसली, तर दोन्हींची चुंबकशक्ती एकमेकींना खाऊन टाकते. मोटरीला जोर राहत नाही, ड्रायव्हरला समोर इंडक्टन्स दिसत नाही, करंट आवरत नाही आणि ड्रायव्हर बंद पडतो किंवा जळतो. तसाच जळतो तो सप्लाय चालू असताना मोटरीची तार उपटली तर. असे ड्रायव्हर माझ्याकडे डबा भरून आहेत.

दुकानदारांचे उत्तर मला पाठ आहे. गिऱ्हाईक विचारत नाही, आम्ही कशाला सांगू? डाटाशीट मोबाईलवर मिळते. आणि आता मोटरी चार तारांच्याच येतात, जोडायला आहे काय त्यात?

शेवटचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी. चार तारांच्या मोटरीत हा निर्णय गेला कुठेच नाही, तो तुम्हाला न विचारता कारखान्यात घेतला गेला आहे. एकाच मापाच्या, एकाच किलोच्या दोन चार-तारी मोटरी असतात; एकीला 1.4 अँपिअर लागतो, दुसरीला 2.8. पहिलीचा इंडक्टन्स दुसरीच्या चौपट असू शकतो. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. मोटर बदलताना किलो जुळवून आणली आणि ड्रायव्हरची सेटिंग तशीच ठेवली, तर एकतर नवी मोटर निम्म्या करंटवर उपाशी चालेल, नाहीतर दुप्पट करंटने भाजून निघेल. दुप्पट करंट म्हणजे चौपट उष्णता, हे विसरू नये. हात ठेववत नाही इतकी गरम मोटर लगेच बिघडलेली समजू नये हे खरे, बी वर्गाचे इन्सुलेशन 130 अंश सेल्सिअसपर्यंतचे असते. पण चौपट उष्णता त्यालाही परवडत नाही.

मोबाईलवर डाटाशीट मिळते, ती मॉडेल नंबर असेल तर. बऱ्याच मोटरींच्या पाठीवर दुकानदाराचाच स्टिकर असतो: आकार, किलो, किंमत. मूळ नंबर त्याच्याखाली, नाहीतर खरवडलेला. अशा मोटरीची डाटाशीट शोधायची तरी कुठल्या नावाने? आणि गिऱ्हाईक विचारत नाही, कारण काय विचारायचे ते त्याला कोणी शिकवलेले नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांना मी विचारते, कॉलेजात स्टेपर मोटर केली का? केलेली असते. 8085 किंवा 8051 च्या किटला जोडलेली मोटर, वायरिंग कोणीतरी आधीच करून ठेवलेले, मुलांनी प्रोग्रॅम टाकायचा आणि मोटर फिरली की जर्नलवर सही. सुट्टी मोटर हातात दिली की हीच मुले तारांचे रंग बघत बसतात. प्रोग्रॅम लिहिता येणारी मुले आम्हाला मिळतात, जोडी शोधता येणारी मिळत नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक मोटरीबरोबर तळहाताएवढी चिठ्ठी यावी. तिच्यावर कुठल्या रंगाच्या तारा एका कॉइलच्या, आठ तारा असतील तर सुरुवातीची टोके कुठली. एका फेजचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स. करंट किती आणि तो कुठल्या जोडणीसाठी. आणि होल्डिंग टॉर्कच्या जोडीला निदान 300 आणि 600 फेऱ्यांना, अमुक व्होल्टेजवर उरणारा जोर. हे सगळे मोटर बनवणाऱ्याजवळ असतेच. आयात करणाऱ्याने ते मागून घ्यायचे आणि छापायचे, एवढाच खर्च. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये किटबरोबर चार, सहा आणि आठ तारांच्या सुट्ट्या मोटरी ठेवाव्यात आणि प्रॅक्टिकल परीक्षेत त्यातली एक, रंगांवर काळी स्लीव्ह चढवून, मुलासमोर ठेवावी.

चिठ्ठीची वाट बघत हात बांधून बसायचे कारण नाही. दुकानात मीटर असतोच. काउंटरवरच जोड्या तपासून घ्या, रेझिस्टन्स मोजून बिलाच्या मागे लिहून घ्या, आणि करंटचा आकडा दुकानदाराच्या हाताने लिहवून त्याखाली त्याची सही घ्या. सही करायला तो कचरला, तर मोटरीबद्दल त्याला तुमच्याइतकीच माहिती आहे असे समजा आणि पुढचे दुकान बघा. हे एकेकट्याने करून फारसे काही हलणार नाही, पण आपल्या भागातल्या कारखानदारांच्या संघटना एकगठ्ठा खरेदी करतात, निविदा काढतात. त्यांनी पुढच्या मागणीपत्रात "किलो" या रकान्याशेजारी इंडक्टन्स, करंट आणि जोडणी असे तीन रकाने वाढवावेत, आणि ते रिकामे ठेवणाऱ्या पुरवठादाराची निविदा उघडूच नये.